सदर वस्तू अणुबॉम्ब नसल्याबाबत

माझ्याकडं एक सरकारी दाखला आहे. तसे दाखले माझ्याकडं पुष्कळ आहेत. रहिवासाचा आहे, जातीचा आहे, मी जिवंत असल्याचा तर दर नोव्हेंबरात नवा मिळतो. पण हा वेगळा. यावर गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे आणि वर ठळक अक्षरात विषय आहे : 'श्री. उत्तरेश्वर यांनी मागविलेली वस्तू अणुबॉम्ब नसल्याबाबत.' अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात असा कागद दुसऱ्या कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय आणि पाहुणे आले की चहाआधी दाखवतो.

ही वेळ माझ्यावर का आली? थोडा दोष टीव्हीचा, थोडा माझ्या चष्म्याचा आणि बाकीचा शेजारच्या हणमंतप्पांचा. माझा स्वतःचा दोष किती ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी एवढंच म्हणेन की माझा हेतू शास्त्रीय होता. शास्त्राशी माझा संबंध जुना आहे. कळंबच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळेत म्हणजे सहायक होतो. चंचुपात्रं विसळणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, बरणीतला बेडूक वर्षाअखेरीस शिल्लक आहे की नाही ते बघणं. पण गल्लीत मला सगळे 'सर' म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही. लोक मान देत असले तर आपण खोडरबर घेऊन का धावावं?

तर गोष्ट दोन हजार तेवीसच्या श्रावणातली. जपानमधल्या ज्या अणुवीज केंद्रात बारा वर्षांपूर्वी त्सुनामीनं हाहाकार उडवला होता, तिथलं साठवलेलं पाणी प्रक्रिया करून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. बातमी एवढीच. पण एवढ्याशा बातमीवर चोवीस तास कसे निघायचे? म्हणून टीव्हीवर एक इमारत फुटायला लागली. ती सरळ फुटायची, सावकाश फुटायची, लाल गोलात फुटायची आणि जाहिराती संपल्या की पुन्हा फुटायची. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'संग्रहित' असं लिहिलेलं होतं हे मला फार उशिरा कळलं, कारण त्या आठवड्यात माझा चष्मा दांडी बसवायला गेला होता. मी प्रत्येक स्फोट ताजा समजून पाहिला. चार दिवसांत माझ्या मोजणीप्रमाणं जपानात दीडशे इमारती पडल्या होत्या.

आता समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर. त्या साली पावसानं तोंड फिरवलेलं, नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी. जपानचं पाणी आमच्या गल्लीत यायचं म्हटलं तर त्यालाही व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाची मर्जी सांभाळावी लागली असती. त्यामुळं जपानची काळजी गल्लीला नव्हती. गल्लीला आठवण झाली ती माझ्या शिवांजलीची.

शिवांजली माझी एकुलती एक लेक. समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी तिची निवड झाली तेव्हा याच गल्लीनं चौकात फ्लेक्स लावला होता, 'कळंबची अणुकन्या'. फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा हणमंतप्पांचा फोटो मोठा होता, पण भावना चांगली होती.

राखीपौर्णिमेच्या सुमारास एके दिवशी माझी बायको द्वारका बाजारातून आली ती पिशवी आपटतच.

"कोण वो ह्यो किरण?"

"कुठला किरण?"

"मला काय इचारता? लेकीला इचारा. शेपू देता देता ती बाई म्हनली, तुमच्या शिवांजलीला किरण लागला असंल की आता. तितं समद्यांस्नीच लागतो म्हनं."

अर्धा दिवस माझी बायको या किरणच्या काळजीत होती. कुणाचा, कुठला, घरी शेती किती. संध्याकाळी मी तिला प्रयोगशाळेच्या आवाजात समजावलं की किरण म्हणजे पोरगा नव्हे, अणूतून निघतात ते किरण. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती शेपूच्या काड्या मोडत म्हणाली, "पोरगा असता तर बरं हुतं. मानसाला समजावून सांगता येतंय."

त्यानंतर शेजारच्या रुद्रम्मा विरजणाला यायच्या बंद झाल्या. रुद्रम्मा म्हणजे हणमंतप्पांच्या घरच्या. आमच्या घरात महालक्ष्म्या बसतात, गौरी म्हणतात पुण्याकडं त्या, आणि त्यांच्या जेवणाच्या दिवशी सवाष्ण म्हणून बावीस वर्षं रुद्रम्माच बसत आल्या. महालक्ष्मीला नैवेद्य दाखवला की सवाष्णीचे पाय धुवायचे, तिला पानावर बसवायचं, मग घरच्यांनी जेवायचं. त्या वर्षी रुद्रम्मांनी फाटकाबाहेरूनच निरोप सांगितला. "वैनी, औंदा माझं पोट बरं न्हाय." जेवण तीन आठवड्यांवर होतं. एवढ्या आधी ठरवून बिघडणारं पोट मी प्रथमच पाहिलं.

द्वारका गल्लीत सगळीकडं जाऊन आली. कुणाच्या माहेरी जायचं होतं, कुणाचा उपास होता. खरं कारण फक्त एकीनं सांगितलं, "पोरगी येनार ना गं तुझी? मग नगं बाई. तिच्या हातचं वाढलेलं..."

त्या दिवशी द्वारकानं देवघरात बसून कौल लावला. आमच्याकडं देवाला फूल लावून प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हिनं फूल लावलं नाही. तिनं महालक्ष्मीलाच सांगितलं की सवाष्ण पानावर बसली तर पोरीनं नोकरीवर परत जावं, आणि पान रिकामं राहिलं तर तुझी मर्जी नाही असं समजून आम्ही तिला घरी ठेवून घेऊ. मग बाहेर येऊन शिवांजलीला फोन लावला आणि तिलाही हे जसंच्या तसं सांगितलं. शिवांजलीला सणानंतरच्या सोमवारी कंट्रोल रूममध्ये नव्या जागेवर हजर व्हायचं होतं. त्यासाठी दोन वर्षं तिनं परीक्षांवर परीक्षा दिल्या होत्या. मला वाटलं, पोरगी आता आईला चार शब्द सुनावणार. ती म्हणाली, "चालंल आई."

मी फोन घेऊन अंगणात गेलो. म्हटलं, "अगं, हो काय म्हणालीस? कौलावर नोकरी सोडतात का?"

"पप्पा, आईला दोन वर्षं धड झोप न्हाय. कुणाला तरी विचारायचा तिला हक्क हाय. मला विचारलं न्हाय, देवीला विचारलं. विचारू दे."

मी शास्त्रीय मनाचा माणूस. मी म्हणालो, ठीक आहे, देवी आपलं काम करील, आपण आपलं करू. आणि मी किरणमापक मागवला. गल्लीसमोर पोरीला मोजायचं, आकडा दाखवायचा, सवाष्णीची अडचण दूर. असं मी सगळ्यांना सांगितलं. आतली गोष्ट अशी की ते दीडशे स्फोट मीही पाहिले होते आणि आकडा आधी मलाच बघायचा होता.

पार्सल आलं. पेटीवर पिवळ्या रंगात तीन पाकळ्यांची खूण होती. कुरिअरवाल्यानं ती खूण टीव्हीवर पाहिलेली. त्यानं पार्सल दुकानाबाहेर उन्हात ठेवलं, भोवती विटा रचल्या, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि मला सांगितलं, "सर, तुमी शिकल्याले. पर ह्ये अनूचं हाय. सरकारी कागुद आना, मग न्या."

मी कागदासाठी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, पेन्शनीचे माझे कागद तिथूनच फिरतात. पहिल्या टेबलावर म्हणाले, फटाक्यांचे परवाने दिवाळीला. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, बॉम्ब असेल तर पोलिसांत जा, बॉम्ब नसेल तर आमच्याकडं कशाला आलात? हा प्रश्न इतका बिनतोड होता की मी पाणी पिऊन आलो. तिसऱ्या टेबलावर वर्षाराणी नावाच्या बाई होत्या. या बाईंना मी मनापासून मानतो. त्यांनी अर्ज वाचला, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, असल्याचा दाखला द्यायला तपासणी लागते. पण नसल्याचे आम्ही रोज देतो. जमीन नसल्याबाबत देतो, नोकरी नसल्याबाबत देतो. बॉम्ब नसल्याबाबत द्यायला काय हरकत आहे?"

फक्त दोन साक्षीदार लागले, अर्जदाराला दहा वर्षं ओळखणारे आणि त्या काळात त्याच्याकडं अणुबॉम्ब न पाहिलेले. एक साक्षीदार अर्थातच हणमंतप्पा. हणमंतप्पांचा पूर्वी मंडप, लाईट आणि कर्ण्याचा धंदा होता. तालुक्यातली तीन पिढ्यांची लग्नं त्यांच्या उजेडात लागली. आता धंदा बंद आहे, पण कर्ण्याची सवय घशात राहिली आहे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सहीखाली लिहिलं, 'माझ्या माहितीप्रमाणे'. एकाच भिंतीला भिंत लावून बावीस वर्षं राहिलेल्या माणसाला 'माझ्या माहितीप्रमाणे' हे शब्द किती लागतात ते मी इथं सांगत बसत नाही.

दाखला दाखवून सोडवून आणलेलं यंत्र मोबाईलएवढं होतं, पिवळं. सुरू केलं की थांबून थांबून 'टक्' करायचं. अंगणात टक्, देवघरात टक्, संडासात टक्. मी घामाघूम झालो. मग माहितीपत्रकात वाचलं की मातीत, दगडात, आभाळात थोडे किरण सगळीकडंच असतात आणि शून्य कुठंच येत नसतं. आमच्या घरात आकडा यायचा पॉइंट बारा. माझी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत गेली आणि हे मला साठी उलटल्यावर माहितीपत्रकातून कळलं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी शिवांजली बार्शीहून एसटीनं उतरली. घरी आली, आईच्या गळ्यात पडली, पाटावर बसून चहा प्यायला लागली. मी यंत्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बातमी वाचत वाचत तिच्या मागून फेरी घातली.

टक्. टक्.

"पप्पा, घड्याळ घेतलं का नवीन?" ती वळली. वर्तमानपत्र उलटं होतं. तिनं ते बाजूला केलं आणि यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. "किती दाखवतंय?"

"पॉइंट बारा."

"आन् अंगणात?"

"पॉइंट बारा."

तिनं कप खाली ठेवला. स्वतःच्या लेकीला मी चोरून, पाठीमागून मोजलं, याची मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. तिनं यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "यंत्र चांगलं हाय. पण भीती वाटत असंल तर समोर येऊन विचारायचं की पप्पा. मागून कशाला?"

"गल्लीसाठी आणलंय," मी म्हणालो.

"मग गल्लीला पण समोरूनच मोजून दाखवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जमली. जमली म्हणजे वीस पावलांवर उभी राहिली. शिवांजली ओट्यावर, मी यंत्र घेऊन तिच्याभोवती आरती केल्यासारखा. मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा शंभू समोरून सगळं टिपत होता. मी डोक्यापासून पायापर्यंत मोजलं आणि जाहीर केलं, "पॉइंट बारा! म्हणजे काही नाही!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकदोघींनी पाऊलही पुढं टाकलं. काम फत्ते होत आलं होतं, एवढ्यात हणमंतप्पांचा कर्णा लागला.

"सर, यंत्रच झोपलंय की वो! जागं हाय कशावरनं? कुटं तरी वाजल्याबिगर खरं कसं समजायचं?"

शंका शास्त्रीय होती. मला ती आधी सुचायला हवी होती. शिवांजली हसून म्हणाली, "काका बरोबर बोलतायत."

"मग चला माझ्या घरात," हणमंतप्पा म्हणाले. "आमचं घर सोच्छ. तितं बी पॉइंट बाराच आलं, तर यंत्र बाद."

या वाक्यातलं तर्कशास्त्र मला अजून सापडलेलं नाही. पण सगळे निघाले. शिवांजलीला दारातच थांबवलं, कारण घर स्वच्छ होतं. मी आत गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांच्याही महालक्ष्म्या बसायच्या होत्या, रुद्रम्मा मुखवटे पुसत होत्या. स्वयंपाकघरात त्यांनी नुकताच लाल ग्रॅनाइटचा ओटा बसवलेला. त्यावर आकडा चढला. पॉइंट अठ्ठावीस.

"दुप्पट!" हणमंतप्पा ओरडले.

"ग्रॅनाइटमध्ये थोडं असतं काका," दारातून शिवांजली म्हणाली. "काही होत न्हाय."

पण मी तोवर मागच्या सामानाच्या खोलीत शिरलो होतो. तिथं जुने कर्णे, तारा, सतरंज्या आणि एक पत्र्याची पेटी. पेटीजवळ हात गेला आणि यंत्र पिसाळलं. टक् टक् नाही, नुसतं टरर्र. लाल दिवा लागला. आकडा मी वाचला नाही. मी पहिला बाहेर पडलो. माझ्या मागून हणमंतप्पा आले, पण माझ्या पुढं निघून गेले.

पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली आणि दहा मिनिटांत जगाला कळलं. शंभू कॅमेऱ्यात बघून सांगत होता, "प्रेक्षकहो, जे जपानात झालं, ते आता कळंबमध्ये!" दुपारी तोच तुकडा संगीत घालून फिरला. संध्याकाळी त्यात ती जपानची इमारतही फुटली, हणमंतप्पांच्या घराच्या शेजारी. 'संग्रहित' हा शब्द शंभूनं काढून टाकला होता.

पोलीस ठाण्यातून साहेब आले, दोन शिपाई आले, पंचनामा सुरू झाला.

"अणू कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"आतल्या खोलीत. पण दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसत नाही त्याचा पंचनामा कसा लिहायचा?"

शेवटी त्यांनी रस्त्यातूनच लिहिलं, 'सदर खोलीत आवाज आढळून आला.' शिवांजली म्हणाली, मी आत जाऊन बघते, तासाभरात सांगते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याच खात्यातल्या. तुम्ही कसं बघणार?" दाराला आडवी दोरी बांधली आणि पथक येईल असं सांगून ते गेले.

हणमंतप्पा समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. रुद्रम्मा मात्र घर सोडीनात. "लक्ष्म्या घरात बसवल्या आन् म्या उटून जाऊ? शिवशिवा! मला न्हाय जमायचं." दर अर्ध्या तासानं कट्ट्यावरून हाक यायची, "हायेस का गं?" आणि आतून उत्तर यायचं, "हाय!" एवढाच त्या घराचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला. गल्लीतल्या ज्या बायका आमच्या दाराला येत नव्हत्या, त्या आता रुद्रम्मांचं दार टाळून पलीकडच्या बोळातून जायला लागल्या. हळदी-कुंकवाला त्या घरात एक पाऊल पडलं नाही.

दुसरा दिवस शुक्रवार, महालक्ष्मीच्या जेवणाचा. द्वारकानं पहाटेपासून पुरण घातलं, सोळा भाज्या केल्या, नैवेद्य दाखवला. सवाष्णीचा पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, पान वाढलं. साडेबारा झाले. एक झाला. पोळीवरचं तूप गोठलं. कुणी आलं नाही.

आता खरं सांगतो, मला बरं वाटलं. यंत्राचा आकडा माझ्या हातात होता, शास्त्र माझ्या बाजूनं होतं, आणि तरी मनात आलं, पोरगी घरी राहील. टीव्हीवरच्या स्फोटांचा तो धूर तिच्या मागं कधी दिसणार नाही. मी मान खाली घालून बसलो, चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

शिवांजलीनं त्या रिकाम्या पानाकडं एकदा बघितलं. मग साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पथकाचं काही कळत नाही, तुमचं तुम्ही बघा, आमचं नाव घेऊ नका. तिनं रबरी हातमोजे घातले, माझं यंत्र घेतलं, दोरीखालून वाकली आणि हणमंतप्पांच्या घरात गेली.

मी दोरीपर्यंत गेलो. पुढं पाय उचलला नाही. आत टरर्र सुरू झालं आणि थांबेना. दारादारांतून बायका बघत होत्या. आमच्या दारात द्वारका उभी होती, पदर तोंडात धरून. हणमंतप्पा कट्ट्यावर उभे राहिले.

थोड्या वेळानं शिवांजली एक खोकं घेऊन बाहेर अंगणात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, मेंटल हाय हे!"

"कोन मेंटल?" हणमंतप्पा भडकले. "घरात शिरून वर मला मेंटल म्हनती व्हय गं!"

"तुमाला न्हाय वो काका! गॅसबत्तीचं मेंटल!"

हणमंतप्पा दोन पावलं पुढं आले. गॅसबत्तीत जी जाळीची पिशवी पेटते, तिला आम्ही सगळे मेंटलच म्हणतो. त्यांच्या लग्नातल्या बत्त्यांची जुनी मेंटलं, पाकिटंच्या पाकिटं, त्या पेटीत पडून होती. शिवांजलीनं तिथंच उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं. उजेड पांढराशुभ्र पडावा म्हणून पूर्वी त्या जाळीला थोरियम लावायचे. त्याचे किरण निघतात. तिनं खोकं खाली ठेवून यंत्र त्याला टेकवलं, टरर्र वाजलं. दोन पावलं मागं आली, आवाज विरळ झाला. चार पावलांवर पुन्हा टक्, टक्.

"म्हंजी माझ्या लग्नात डोस्क्यावर ह्येच हुतं?" पलीकडून एकीनं विचारलं.

"समद्यांच्याच लग्नात हुतं, मावशी. लांबून काही होत न्हाय. पण चुरगाळायचं न्हाय, त्याचा भुगा नाकातोंडात जाऊ द्यायचा न्हाय. मी डब्यात बंद करून ठेवते आणि कुणाकडं द्यायचं ते पत्र लिहून विचारते."

तिनं झाकणाचा डबा मागितला, पाकिटं बंद केली, हातमोजे काढले, साबणानं हात धुतले. घाई नाही, मिरवणं नाही. मी तिला लहानपणी चंचुपात्र कसं धरायचं ते शिकवलं होतं. त्या दुपारी मी दोरीच्या अलीकडून तिच्याकडं बघत होतो आणि मला एवढंच वाटत होतं की ही पोरगी कुणाची, असं कुणीतरी मला मोठ्यानं विचारावं.

हणमंतप्पांचा कर्णा प्रथमच बारीक झाला. "पोरी, एक इचारू? तुमच्या तितं बी जपानवानी झालं तर?"

आता ही सांगेल, कधीच होणार नाही काका. मी तरी तसंच सांगितलं असतं.

"होऊ शकतं काका," ती म्हणाली. "होनारच न्हाय असं मी म्हनले तर खोटं हुईल. म्हनून तर तिथं आमी पाळीपाळीनं बसतो. एक एक आकडा बघत. न बघता कुणी बसलं, तर मग भ्या."

आणि मग दारात रुद्रम्मा आल्या. दोन दिवसांत त्या उतरल्यासारख्या दिसत होत्या. उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"काकू, चला," शिवांजली म्हणाली. "आईनं पान वाढलंय."

"माझ्या घरात वाजलं गं," रुद्रम्मा म्हणाल्या. "मला आता कोन बसवून घील? म्या तर तुज्या घरचं पानी बी..." आणि त्यांना रडू फुटलं. शिवांजलीनं हात पुढं केला. महिनाभर जिच्या सावलीला भिऊन त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, तिचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि दोघी दोरीखालून वाकून रस्त्यावर आल्या.

आमच्या दारात द्वारका उभीच होती. मी तिच्या जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "गल्ली बघतीय. तुला नको वाटत असेल तर सांग, मी समजावतो त्यांना." मी हे रुद्रम्मांच्या घरातल्या किरणांमुळं म्हणालो नाही. कौलामुळं म्हणालो. सवाष्ण पानावर बसली की पोरगी जाणार होती, आणि ती न बसवायला द्वारकाला त्या क्षणी अख्ख्या गल्लीनं कारण पुरवलेलं होतं. कुणी तिला नावं ठेवली नसती.

द्वारकानं माझ्याकडं असं बघितलं की मी बाजूला सरकलो. "सवाष्ण दारात आल्यावर माघारी धाडू व्हय?" ती म्हणाली. आठ दिवसांच्या राखलेल्या पाण्यातून तिनं तांब्या भरला आणि ओट्यावर, सगळ्यांच्या समोर, रुद्रम्मांचे पाय धुतले. पदरानं पुसले. हळद-कुंकू लावलं. हाताला धरून पाटावर बसवलं. गोठलेल्या तुपाची पोळी काढून गरम पोळी वाढली, तिच्यावर तुपाची धार धरली. रुद्रम्मांनी पहिला घास घेतला तेव्हा आमच्या घरात यंत्राचाच काय, कसलाच आवाज नव्हता.

द्वारका स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. मी आत गेलो. ती कटाच्या आमटीचं पातेलं ढवळत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अगं, रडतेस काय? सवाष्ण जेवतीय. कौल उजवा आला."

"उजवाच आला," ती म्हणाली. "पर म्या डावा मागत हुते वो. म्हैनाभर. दिवा लावताना रोज."

मी म्हणालो, "मीही."

तिनं माझ्याकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवे, सोमवारी हजर व्हायचं न्हवं? मग रविवारची गाडी बघ. आन् काकूला पोळी वाढ, हात आखडू नगंस."